चाचणीचा भरंवसा कोणत्या आंकड्यावर ?

दहावीचा निकाल लागला कीं सोलापुरांतील सुशिक्षित घरांतून पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. शास्त्रशाखा घ्यावी, वाणिज्याकडे वळावें, कीं मुलीला चित्रकलेची आवड आहे तर तिकडेच जाऊं द्यावें, हा प्रश्न पूर्वीं घरांतील वडील माणसें, शाळेंतील गुरुजी आणि फार तर एखादे अनुभवी स्नेही मिळून सोडवीत असत. आतां या चर्चेंत एक नवा सभासद येऊन बसला आहे. तो म्हणजे समुपदेशकाकडून आलेला चाचण्यांचा अहवाल. बुद्धिगुणांक अमुक, यांत्रिक कल तमुक, चिंतेची पातळी इतकी, असे आंकडे त्यांत नीटनेटके मांडलेले असतात. छापील आंकड्याचा दरारा असा कांहीं विलक्षण आहे कीं, आजोबांच्या चाळीस वर्षांच्या अनुभवाला हटकून उत्तर देणारा नातूही त्या आंकड्यापुढें निरुत्तर होतो. राज्याच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळानें श्यामची आई फाउंडेशन या संस्थेच्या साह्यानें २०१६ सालीं दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू केली व ती कांहीं वर्षें चालविली, तेव्हांपासून तर ही भाषा गांवोगांव पोंचली आहे.

या आंकड्यांवर कितपत विसंबावें, हा प्रश्न आमच्या दोन प्रकारच्या वाचकांना पडतो. पहिले अर्थातच पालक. दुसरे म्हणजे ज्यांच्या घरांत कोणी मानसशास्त्र किंवा शिक्षणशास्त्र घेऊन प्रबंध लिहीत आहे, असे तरुण वाचक. सोलापुरांत २००४ सालीं स्वतंत्र विद्यापीठ झाल्यापासून अशा वाचकांची संख्या वाढली आहे. प्रबंध लिहिणारा विद्यार्थी एखादी तयार चाचणी निवडतो आणि "या चाचणीची विश्वसनीयता ०.८५ आहे" असें एक वाक्य लिहून पुढें जातो. पालकांना तें वाक्य वाचावयास मिळत नाहीं. परंतु त्यांच्या मुलाचा निर्णय त्याच वाक्यावर उभा असतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हें वाक्य अपुरें आहे. कशाच्या बाबतींत विश्वसनीय, कोणत्या मुलांत विश्वसनीय, आणि किती गुण इकडेतिकडे धरून विश्वसनीय, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून त्या ०.८५ ला अर्थ येत नाहीं.

विश्वसनीयता म्हणजे काय ?

मंगळवेढ्याच्या ज्वारीचें एक पोतें सोलापूरच्या बाजारांत आलें आहे, अशी कल्पना करूं. त्याचें वजन झालें. तें भरंवशाचें आहे कीं नाहीं, हें कसें पाहावें ? तेंच पोतें तासाभरानें त्याच काट्यावर पुन्हां ठेवून पाहतां येईल. शेजारच्या दुकानांतील तसल्याच दुसऱ्या काट्यावर ठेवून पाहतां येईल. दोन मापाड्यांनीं एकमेकांस न सांगतां मोजून आंकडे ताडून पाहतां येतील. आणि वजनाऐवजीं दाण्याची प्रत ठरवावयाची असेल, तर पोत्याच्या तोंडाची एक मूठ व तळाची एक मूठ काढून दोन्ही सारख्या आहेत का, हें पाहतां येईल. या चारी परीक्षा चांगल्या आहेत. परंतु त्या एकच गोष्ट सांगत नाहींत. पहिली काळानें पडणारा फरक दाखविते, दुसरी साधनानें पडणारा, तिसरी माणसामाणसांतला, आणि चौथी मालाच्या मिसळीमुळें पडणारा. शितावरून भाताची परीक्षा करणारी गृहिणी ही चौथीच परीक्षा करीत असते. त्या शितावरून आजचें पातेलें शिजलें कीं नाहीं हें कळतें. उद्यांचा भात कसा होईल, हें त्या शिताला विचारून उपयोग नाहीं.

मानसशास्त्रीय चाचण्यांतही असेच चार मार्ग आहेत. तीच चाचणी त्याच मुलांना कांहीं काळानें पुन्हां देणें ही पुनर्परीक्षण पद्धति. दोन सारख्या वजनाच्या प्रश्नपत्रिका तयार करून दोन्ही देणें ही समांतर चाचणीची पद्धति. दोन परीक्षकांचे स्वतंत्र निर्णय ताडणें ही परीक्षकांच्या एकवाक्यतेची पद्धति. आणि एकाच वेळीं दिलेल्या एकाच चाचणींतील प्रश्न एकमेकांशीं किती जुळतात, हें पाहणें ती अंतर्गत सुसंगतीची पद्धति. चारींतूनही सामान्यतः शून्य आणि एक यांच्या दरम्यानचा गुणांक निघतो. आंकडा एकाच्या जितका जवळ, तितकी चूक कमी. परंतु कोणती चूक, हें त्या आंकड्यावर लिहिलेलें नसतें. तें आपण विचारावें लागतें.

शेजारच्या धारवाडचें उदाहरण

हा प्रश्न आपल्याकडे आजच उपस्थित झाला आहे, असें नव्हे. फ्रान्समध्यें आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनीं १९०५ सालीं मुलांच्या बुद्धीचें मापन करणारी श्रेणी तयार केली. अमेरिकेंत लुइस टर्मन यांनीं १९१६ मध्यें तिची स्टॅनफर्ड आवृत्ति काढली. सोलापूर आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यांत असतांना धारवाडकडील डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं ही श्रेणी कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं बसविण्याचें काम हातीं घेतलें. त्यांचा निबंध १९३४ सालीं ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी या नियतकालिकांत आला, आणि १९४० सालीं ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें त्यांचें 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. एक हजार चौऱ्याहत्तर मुलांवर ही चाचणी प्रमाणित झाली. 'बिने-कामत' या नांवानें ती आपल्या देशांतील रुग्णालयांतून व मार्गदर्शन केंद्रांतून वापरली जात आली आहे.

कामतांच्या कामाचें मर्म असें कीं, परकी चाचणीचें भाषांतर केलें म्हणजे तिची विश्वसनीयता आपोआप भाषांतरित होत नाहीं. ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें म्हणून दाखवावयाचें असेल आणि मूळ इंग्रजी वाक्यापेक्षां मराठी वाक्य चार अक्षरांनीं लांबलें, तर स्मरणशक्तीचा तो प्रश्न तितका कठीण होतो. कानडींत तो आणखी निराळा होईल. म्हणून आपल्या भाषेंतील मुलें घेऊन, प्रश्नांचा क्रम, त्यांचें वय व त्यांचें काठिण्य पुन्हां ठरवावें लागतें.

सोलापूरकरांना हें सांगावयास नको. येथें एकाच आळींत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू कानावर पडते. अक्कलकोटकडील घरांतून कानडी बोलली जाते, शहरांतील पद्मशाली विणकरांच्या घरांतून तेलुगु. शाळांचीं माध्यमेंही अशींच अनेक. मराठींत छापलेली बुद्धिचाचणी तेलुगु बोलणाऱ्या घरांतील मुलीच्या हातीं दिली, तर ती चाचणी तिची बुद्धि मोजते कीं तिचें मराठी वाचन मोजते, याचा निवाडा कोण करणार ? पुण्याच्या शाळांत काढलेला ०.९० हा गुणांक त्या मुलीला लागू आहे, असें म्हणण्यास आधार नाहीं. अशा अडचणींवर उपाय म्हणून सी. एम. भाटिया यांनीं १९५५ सालीं ठोकळे, चित्रें, आकृत्या यांसारख्या कृतींवर भर देणारी चाचणीमालिका प्रसिद्ध केली. साक्षर व निरक्षर अशा दोघांचाही त्यांत विचार होता. परंतु कृतिचाचणी वापरली तरी प्रश्न तोच राहतो : ही चाचणी या मुलांत किती स्थिर आहे, हें कोणी तपासलें आहे काय ?

याच ठिकाणीं आणखी एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. काटा दर वेळीं तोच आंकडा दाखवीत असला, तरी पलीकडच्या पारड्यांतील वजनें झिजलेलीं असूं शकतात. तेव्हां काटा विश्वसनीय असतो, परंतु वजन खरें नसतें. १९४० पूर्वींच्या मुलांवर ठरविलेलीं मानकें आजच्या मुलांना लावलीं तर असेंच होतें. जेम्स फ्लिन यांनीं १९८४ आणि १९८७ सालच्या लेखांत दाखवून दिलें कीं, अनेक देशांत पिढीगणिक बुद्धिचाचण्यांतील गुण वाढत आले आहेत. जुन्या मानकांवर मोजलेला बुद्धिगुणांक म्हणून फुगलेला निघूं शकतो. हा दोष विश्वसनीयतेचा कोणताही गुणांक पकडूं शकत नाहीं. तो यथार्थतेचा व मानकांचा प्रश्न आहे, आणि तो वेगळा विचारला पाहिजे.

अल्फाचा मोह

आतां आपल्या प्रबंधकारांकडे वळूं. इंग्लंडांत चार्ल्स स्पिअरमन यांनीं १९०४ सालीं मापनांतील चुकीमुळें दोन गुणांमधील संबंध कसा क्षीण दिसतो, हें दाखविलें. १९१० मध्यें त्यांनीं आणि विल्यम ब्राउन यांनीं स्वतंत्रपणें एक सूत्र दिलें. चाचणीचे विषम क्रमांकाचे प्रश्न एकीकडे व सम क्रमांकाचे दुसरीकडे करून दोन अर्ध्यांतील सहसंबंध काढावा, तो ०.६० आला, तर संपूर्ण चाचणीची विश्वसनीयता ०.७५ धरावी, असें हें सूत्र सांगतें. १९३७ सालीं कूडर व रिचर्डसन यांनीं चूक-बरोबर अशा उत्तरांसाठीं अर्धे करण्याची गरजच काढून टाकली, आणि १९५१ मध्यें ली क्रॉनबाख यांनीं सर्व प्रकारच्या गुणांकनाला लागू पडणारा 'अल्फा' प्रचारांत आणला. चाचणी एकदांच द्यावी लागते आणि संगणक हा आंकडा क्षणांत काढून देतो. साहजिकच प्रबंधांतून तोच सर्वांत अधिक भेटतो.

परंतु सोपा आंकडा तो योग्य आंकडा, असा नियम नाहीं. दहा प्रश्नांची एक चाचणी घ्या. तींतील प्रश्नांचा परस्परांशीं सरासरी सहसंबंध केवळ ०.२० आहे. अल्फा निघेल सुमारें ०.७१. तसल्याच दर्जाचे तीस प्रश्न आणखी घातले, तर अल्फा ०.९१ होईल. एकही प्रश्न सुधारला नाहीं; केवळ चाचणी लांबली. तसेंच, कांहीं प्रश्न परीक्षेच्या भीतीचे आणि कांहीं चारचौघांत बोलण्याच्या संकोचाचे असले, तरी चाचणी पुरेशी लांब असल्यास अल्फा उंच निघूं शकतो. उंच अल्फा म्हणजे चाचणी एकच गुण मोजते, असा त्याचा अर्थ नव्हे. उलट "मला भीति वाटते", "मी घाबरतों", "मला धास्ती वाटते" असा एकच प्रश्न वेष बदलून पुन्हां पुन्हां विचारला, तर अल्फा गगनाला भिडेल आणि ज्ञानांत मात्र काडीचीही भर पडणार नाहीं. म्हणून ०.९५ च्या वर गेलेल्या अल्फाचें अभिनंदन करण्यापूर्वीं प्रश्नपत्रिका वाचून पाहावी. सर्व प्रश्न सारख्या वजनाचे नसतील, तर रॉडरिक मॅक्डोनाल्ड यांनीं पुरस्कारलेला 'ओमेगा' हा गुणांक अधिक न्याय्य ठरतो.

एका जातीच्या चाचण्यांना तर हा मार्ग मुळींच वर्ज्य आहे. कारकुनी कामाचा वेग, आंकडे पटापट ताडून पाहणें, अशा ज्या वेगाच्या चाचण्या कल पाहण्यासाठीं देतात, त्यांत प्रश्न सोपे असतात व प्रश्न होतो तो वेळेचा. मुलानें पन्नास प्रश्न सोडविले, तर पंचवीस सम व पंचवीस विषम बरोबर येणारच. दोन अर्धे जुळतात ते चाचणीच्या गुणानें नव्हे, तर मोजण्याच्या युक्तीनें. येथें पुनर्परीक्षण किंवा समांतर चाचणी यांवांचून गति नाहीं.

काळाची परीक्षा आणि माणसांची परीक्षा

पुनर्परीक्षणांत मुख्य प्रश्न अंतराचा आहे. दोन दिवसांनीं तीच चाचणी दिली, तर मुलाला उत्तरें आठवतात. दोन वर्षांनीं दिली, तर मूलच बदललेलें असतें. किती अंतर ठेवावें याचें उत्तर चाचणीच्या हेतूंत आहे. आज केलेल्या कलचाचणीवर मुलगा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निवडणार असेल, तर त्याची आवड महिन्या-सहा महिन्यांनीं कितपत टिकते, हें कळलेंच पाहिजे. त्याच दिवसाचा अल्फा त्याबद्दल एक अक्षरही सांगत नाहीं. उलट परीक्षेच्या आदल्या दिवशीं वाटणारी धास्ती ही बदलणारीच गोष्ट आहे. तिचा पुनर्परीक्षणाचा गुणांक कमी आला, तर तो चाचणीचा दोष मानूं नये. स्वभाव मोजावयाचा असेल तर काळाची कसोटी. क्षणाची मनःस्थिति मोजावयाची असेल तर अंतर्गत सुसंगतीची.

शिवाय साधा सहसंबंध केवळ क्रम पाहतो. दुसऱ्या खेपेस सरावामुळें सर्व मुलांचे आठ-आठ गुण वाढले, तरी सहसंबंध पूर्ण एक येईल; कारण पहिला तो पहिला आणि शेवटचा तो शेवटचाच राहिला. क्रमावरून निवड करावयाची असेल तर हें चालेल. परंतु अमुक गुणांच्या खालीं आलेल्या मुलालाच मदत द्यावयाची, असा नियम असेल, तर आठ गुणांनीं कित्येक मुलें रेषेच्या पलीकडे जातील. तेथें प्रत्यक्ष आंकड्यांचा मेळ पाहणारा वर्गांतर्गत सहसंबंध वापरावा. त्याचे निरनिराळे प्रकार श्राउट व फ्लाइस यांनीं १९७९ सालीं समजावून दिले आहेत.

मुलाखतीवरून किंवा निरीक्षणावरून निर्णय होतो तेथें माणसांची परीक्षा लागते. दोन समुपदेशकांनीं शंभर मुलें स्वतंत्रपणें पाहिलीं. प्रत्येकानें वीस मुलांना विशेष साह्य हवें असें ठरविलें. ऐंशी मुलांबद्दल दोघांचें मत एक झालें. शेंकडा ऐंशी एकमत म्हटलें म्हणजे कोणालाही समाधान वाटेल. परंतु दोघांनींही डोळे मिटून वीस-वीस चिठ्ठ्या काढल्या असत्या, तरी सरासरीनें अडुसष्ट मुलांबद्दल एकमत झालेंच असतें ! जेकब कोहेन यांनीं १९६० सालीं सुचविलेला 'कॅप्पा' हा गुणांक हें योगायोगाचें एकमत वजा करतो. येथें तो जेमतेम ०.३८ निघतो. ज्या वीस मुलांना पहिल्यानें निवडलें, त्यांपैकीं दहाच मुलें दुसऱ्यानें निवडलीं, हें त्या ऐंशीच्या आंकड्याआड लपलें होतें. साह्यावांचून राहणारें मूल कोणाचें, याचा विचार केला म्हणजे गुणांकाची निवड ही कोरडी गणिताची बाब राहत नाहीं.

समुपदेशनानें फरक पडला काय ?

समुपदेशनाच्या संशोधनांत नेहमींचा प्रश्न असा कीं, आठ-दहा बैठकींनंतर मुलाची चिंता कमी झाली काय. त्यासाठीं आधीं व नंतर अशी दोनदां चाचणी देतात आणि वजाबाकी करतात. ही वजाबाकी दिसते तितकी निरुपद्रवी नाहीं. दोन्ही वेळच्या गुणांची विश्वसनीयता ०.८० असेल आणि दोन्ही वेळच्या गुणांत ०.६० चा सहसंबंध असेल, तर फरकाची विश्वसनीयता केवळ ०.५० उरते. कारण सरळ आहे : वजाबाकींत दोन्ही वेळां सारखा असलेला खरा भाग निघून जातो, आणि चुका मात्र दोन्हीकडच्या एकत्र होतात.

म्हणून १९९१ मध्यें जेकबसन व ट्रुआक्स यांनीं विश्वसनीय बदलाचें एक माप दिलें. एका चिंतामापन चाचणीचें प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता ०.८४ आहे, असें धरा. मापनाची प्रमाण त्रुटि ४ गुणांची येते, आणि सुमारें ११ गुणांपेक्षां कमी बदल केवळ मापनाच्या हेलकाव्यानेंही घडूं शकतो. मुलाची चिंता सात गुणांनीं उतरली म्हणून आईवडिलांनीं पेढे वाटूं नयेत. सात गुणांनीं चढली म्हणून समुपदेशकाला दोषही देऊं नये. शंभर मुलांच्या सरासरीवरून उपायाची परीक्षा करणें ही एक गोष्ट, आणि एका मुलाबद्दल निकाल देणें ही निराळी.

या गणितासाठीं पुनर्परीक्षणाचा गुणांक घ्यावयाचा तर तो कोठून आणावा ? ज्यांना समुपदेशन मिळालें, त्यांच्यांतून नव्हे. कारण तीं मुलें खरोखरच बदललीं असतील. आपली पाळी येण्याची वाट पाहणाऱ्या मुलांना तितक्याच कालावधीच्या अंतरानें दोनदां चाचणी द्यावी व तो गुणांक वापरावा. थोडे श्रम अधिक पडतात, पण प्रबंधाचा निष्कर्ष त्यावरच उभा असतो.

गुणांक चाचणीचा नव्हे, त्या गटाचा

"या चाचणीची विश्वसनीयता" असें आपण बोलतों खरें, परंतु विश्वसनीयता ही चाचणीच्या पुठ्ठ्यावर छापलेली वस्तु नव्हे. ती त्या गटांत मिळालेल्या गुणांची असते. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनें नेमलेल्या मंडळानेंही १९९९ सालीं हेंच बजावलें, आणि संशोधकानें आपल्या स्वतःच्या सामग्रीवरून गुणांक काढून द्यावा, असें सांगितलें.

याचें एक उदाहरण करून पाहूं. सर्व प्रकारच्या मुलांत एका चाचणीचें प्रमाण विचलन १५ आहे आणि विश्वसनीयता ०.९०. आतां तीच चाचणी महाविद्यालयाच्या शास्त्रशाखेंतील निवडक विद्यार्थ्यांना दिली. निवडलेले असल्यामुळें त्यांच्यांत फरक कमी. प्रमाण विचलन ९ च राहिलें. मापनांतील चूक तेवढीच राहिली, तरी विश्वसनीयता ०.७२ वर उतरते. चाचणी बदलली नाहीं, मुलें बदललीं. पुण्यांत ज्ञान प्रबोधिनीनें १९६२ पासून बुद्धिमान मुलांची निवड व शिक्षण हें कार्य मानसशास्त्रीय चाचण्यांच्या आधारें चालविलें आहे, आणि सोलापुरांतही प्रबोधिनीचें केंद्र आहे. जेथें मुलें आधींच निवडलेलीं असतात, तेथें त्यांच्यांतल्या त्यांच्यांत तरतमभाव ठरवावयाचा तर अधिक सूक्ष्म साधन लागतें, हें वरील हिशेबावरून स्पष्ट होईल.

आतां पालकांच्या कामाचा आंकडा. गुणांक हा संशोधकाचा. पालकांनीं विचारावी ती मापनाची प्रमाण त्रुटि. प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९० असेल, तर ही त्रुटि पावणेपांच गुणांच्या आसपास असते. म्हणजे अहवालांत १०० लिहिलें असेल, तर खरा आंकडा सुमारें ९१ ते १०९ यांच्या दरम्यान असावा, असें बहुतांशीं म्हणतां येतें. विश्वसनीयता ०.७० असेल, तर हीच मर्यादा ८४ ते ११६ इतकी रुंदावते. ०.७० हा आंकडा प्रबंधांतून "पुरेसा" म्हणून सर्रास येतो. परंतु ज्या जम नन्नलींच्या ग्रंथाचा त्यासाठीं आधार देतात, त्यांनींच १९७८ च्या आवृत्तींत ही मर्यादा संशोधनाच्या आरंभींच्या अवस्थेपुरती सांगितली आहे. व्यक्तीविषयीं महत्त्वाचा निर्णय घ्यावयाचा, तर ०.९० ही किमान आणि ०.९५ ही इष्ट, असें त्यांचें मत आहे.

जेथें आंकड्यावर मुलाचा शिक्का ठरतो, तेथें हा विचार सर्वांत निकडीचा आहे. बुद्धिगुणांक ७० च्या आसपास आला म्हणजे बौद्धिक अक्षमतेचा प्रश्न निघतो. त्यावर प्रमाणपत्र, सवलती, शाळा आणि घरच्यांच्या आशा अवलंबून असतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालच्या आपल्या नियमावलींत ७० या आंकड्याच्या दोन्ही बाजूंस पांच गुणांची मोकळीक धरावी, आणि मुलाचें दैनंदिन वागणें व स्वावलंबन पाहिल्यावांचून केवळ आंकड्यावर निदान करूं नये, असें सांगितलें आहे. ६९ आणि ७१ या दोन आंकड्यांत दोन मुलांचें भवितव्य बसविणें हें शास्त्र नव्हे.

काय विचारावें ?

तेव्हां पालकांनीं समुपदेशकाला नम्रपणें तीन गोष्टी विचाराव्या. ही चाचणी कोणत्या भाषेच्या, कोणत्या वयाच्या आणि कोणत्या काळांतल्या मुलांवर बसविली आहे ? या आंकड्याच्या खालींवर किती गुण धरावे ? आणि सहा महिन्यांनीं पुन्हां दिली, तर हाच निष्कर्ष टिकेल असें कशावरून ? चांगला समुपदेशक या प्रश्नांनीं रागावत नाहीं. त्याला आनंदच होतो. उत्तर न देतां जो केवळ आंकडा पुढें करतो, त्याच्या अहवालाला घरच्या चर्चेंत एका मताइतकी किंमत द्यावी, त्याहून अधिक नको.

प्रबंध लिहिणाऱ्या तरुणांना आमचें सांगणें असें. आधीं हेतु ठरवावा, मग गुणांक. टिकाऊ गुण मोजावयाचा असेल तर पुनर्परीक्षण; क्षणिक अवस्था असेल तर अंतर्गत सुसंगति; वेगाची चाचणी असेल तर अल्फा टाळावा; निरीक्षक असतील तर कॅप्पा किंवा वर्गांतर्गत सहसंबंध; बदल मोजावयाचा असेल तर फरकाची विश्वसनीयता. आणि गुणांक कोणताही असो, तो आपल्याच गटावर, शक्य तर भाषावार काढावा. सोलापुरांत मराठी, कानडी, तेलुगु आणि उर्दू माध्यमाच्या मुलांचे गुणांक निरनिराळे काढून मांडणारा एक साधा प्रबंधही, परक्या चाचणीवर परका आंकडा उतरवून घेतलेल्या दहा प्रबंधांपेक्षां अधिक उपयोगी होईल. कामतांनीं दोन भाषांची मुलें घेऊन जी वाट घालून दिली, ती चार भाषांपर्यंत नेण्यास या गांवाइतकें योग्य गांव क्वचितच सांपडेल.

चाचण्या टाकून द्याव्या, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. घरांतील अंदाजालाही चूक असते. किंबहुना तिचें माप कोणी काढीत नाहीं, एवढाच फरक. चाचणीचा मोठा गुण हा कीं, ती आपली चूक किती हें सांगूं शकते. ती सांगण्याची सोय असतांना न विचारणें हा मात्र आपला दोष होईल. आणि त्याचें मोल ज्या मुलांसाठीं हा सारा खटाटोप, त्यांनाच द्यावें लागेल.